देवमनचे केस आणि क्ष-किरणांचा आरसा

कारंज्याच्या आमच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला पंखा नाही. ही तक्रार मी प्राचार्यांकडे केली, संस्थेच्या चिटणिसांकडे केली, आणि एकदा तर स्नेहसंमेलनाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांकडेही केली. तिघांनी ती अत्यंत सौजन्याने ऐकून घेतली आणि त्यानंतर प्राचार्यांच्या दालनात दुसरा पंखा बसला. तक्रार आजही कायम आहे. तथापि सत्याची चाड असलेल्या माणसाला गैरसोयीच्या गोष्टीही नमूद कराव्या लागतात. त्या प्रयोगशाळेत पंखा असता, तर आमचा देवमन खिल्लारे कदाचित आजही अविवाहित असता.

देवमन आमच्या विभागात डेमॉन्स्ट्रेटर होता. मूळचा रिसोडकडच्या केनवडचा. छप्पन साली धम्मदीक्षेच्या गर्दीत बापाच्या, म्हणजे भिवाजीच्या, खांद्यावर बसून त्याने नागपूर प्रथम पाहिले, आणि पुढे त्याच नागपुरातून तो एम.एस्सी. होऊन परतला. आमच्या भागात पदवी मिळाली की माणूस सर्वप्रथम हसणे सोडतो; मी स्वतः हा नियम कसोशीने पाळत आलो आहे. देवमनने तो पाळला नाही. विद्यार्थ्याने भिंग फोडले तरी तो हसे, वीज गेली तरी हसे, आणि मी संस्थेविषयी काही गंभीर बोलू लागलो की टेबल धरून हसे.

त्याचे केस हा एक स्वतंत्र विषय होता. चित्रपटांतील नायकांच्या केशरचनेची नक्कल करणारे तरुण तेव्हा कारंज्यात पुष्कळ होते, परंतु देवमनची नक्कल कोणालाच साधत नसे, कारण इतका माल दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर नव्हता. काळेभोर, कुरळे, कपाळावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे झुकलेले, आणि तेलाने लखलखणारे. ते तेल केनवडच्या घाण्याचे असे. त्याची आई भागिरथा दर आठवड्याला एस.टी.च्या कंडक्टरबरोबर भाकरी-ठेच्याचे गाठोडे आणि तिळाच्या तेलाची बाटली पाठवी. "डोकं थंड राह्यलं त इद्या टिकते," हे तिचे भौतिकशास्त्र होते, आणि आमच्या अभ्यासक्रमातल्या काही प्रकरणांपेक्षा ते अधिक सुसंगत होते.

या माणसाने क्ष-किरणांचा आरसा करण्याचे मनावर घेतले.

दवाखान्यात हाडांचा फोटो काढणारे हे किरण मांसातून जातात तसे आरशातूनही सरळ निघून जातात. परत फिरणे त्यांच्या स्वभावातच नाही. एखाद्या पातळ थरावरून त्यांचा अगदी नगण्य अंश तेवढा माघारी येतो. मग युक्ती अशी करायची की जड पदार्थाचा एक थर, त्यावर हलक्या पदार्थाचा, पुन्हा जड, पुन्हा हलका, असे शंभरावर थर काटेकोर सारख्या अंतरावर रचायचे. म्हणजे प्रत्येक थरावरून परतणारा तो नगण्य अंश दुसऱ्याच्या पावलात पाऊल टाकून निघतो, आणि सगळ्यांचा मिळून यंत्राला मोजता येईल असा किरण होतो. थर इतके पातळ, की एका केसाच्या जाडीत असे हजारो मावावेत.

मी हे विद्यार्थ्यांना याच शब्दांत समजावीत असे आणि ते जांभया देत. देवमनने आमचा प्रयोगशाळा-सेवक जानराव याला ते असे समजावले:

"जानराव, चौदा एप्रिलच्या मिरवनुकीत एकटा मानूस घोषना देते, तवा कोनाले आयकू येते?"

"बाजूच्याले. अन् त्यालेबी कटाळा येते."

"शंबर जन आपापल्या टायमावर वरडले त?"

"गलका होते."

"अन् शंबर जन एका दमात वरडले त?"

"मंग त मंगरुळपीरपावतर आवाज जाते!"

"बस! हाच माया आरसा. अट एकच. मंधात कोनं बेताल व्हायचं नाई."

नागपुरात व्याख्यानाला आलेल्या मुंबईच्या एका शास्त्रज्ञांना देवमनने विद्यार्थिदशेत प्रश्नांनी असे भंडावले होते, की त्यांनी क्रोमची झिलई दिलेल्या तीन काचपट्ट्या त्याच्या हाती ठेवल्या. यांवर एकसारखे थर चढवून दाखव, किरणात धरून पाहण्याचे काम माझे, असे ते म्हणाले. परदेशात हे थर निर्वात पेटीत धातूंची वाफ करून चढवू लागले आहेत. आमच्याकडे निर्वात पोकळी केवळ ग्रंथालयात आढळते. म्हणून देवमनने जुनी, पाण्याची वाट धरली. भांडी करणाऱ्याकडून पितळेचा लांबट, उथळ हौद करून घेतला आणि त्याला आतून मेण फासले. शुद्ध पाण्यात शिशाचा क्षार किंचित मिसळायचा. मेणबत्तीत जो स्निग्ध पदार्थ असतो तो बेंझिनमध्ये विरघळवून त्याचे थेंब पाण्यावर सोडायचे. बेंझिन उडून जाते आणि पाण्यावर उरते एकाच रेणूच्या जाडीची साय. त्या सायीतून काचपट्टी संथपणे खाली न्यायची, संथपणे वर आणायची. दर खेपेला एक थर पाण्यातले शिसे घेऊन चिकटतो; शिसे जड, साय हलकी. यंत्र नव्हते, म्हणून देवमनने पतंगाची चकरी स्टँडला बांधून तिच्या दोऱ्याला पट्टी टांगली होती आणि श्वास आवरून तो ती हाताने फिरवीत असे. खेप मध्येच थांबली की पट्टीवर कायमची रेघ उमटे.

या उद्योगात एक अडचण होती आणि तिचे नाव अंजना होते.

अंजना ही रिसोडच्या दौलतरावांची मुलगी, बालवाडीत शिकवणारी. दौलतराव रस्त्याच्या कामावर मुकादम होते आणि माणसेही खडीसारखी चाळून घेत. पाहण्याच्या कार्यक्रमात अंजनाने एकच प्रश्न विचारला होता: "हे केस खरेच हायत का?" देवमनने डोके पुढे करून "ओढून पाहा" म्हटले, आणि तिने सर्वांदेखत खरोखरच ओढून पाहिले. त्या दिवसापासून गावी जाताना हा गृहस्थ सरळ गाडी सोडून रिसोडला उतरत असे, ती बालवाडीच्या पोरांना रांगेत नेताना दुरून पाहत असे, आणि पुढच्या गाडीने केनवडला जात असे. इतके असूनही लग्नाची तारीख त्याने दोनदा पुढे ढकलली. दोन्ही वेळा कारण तेच: "काच अर्ध्यावर हाय."

अखेर पंचाहत्तरच्या मे महिन्यात दौलतराव स्वतः प्रयोगशाळेत येऊन उभे राहिले. "देवमन, बुद्धपौर्णिमेले माया दारात मंडप पडन. त्यात तू दिसला त ठीक. नाई त दुसरा दिसन. माया मंडप रिकामा जात नसते."

ते गेल्यावर देवमन प्रथमच हसला नाही. तो नुसता म्हणाला, "सर, तिच्याबिगर मी काय करू? अन् काच टाकून गेलो त तिच्यासमोर कोन्या तोंडानं उभा राहू? तिनं सगळ्या रिसोडले सांगून ठेवलं हाय, का मी आरसा करून राह्यलो."

काच मात्र साथ देत नव्हती. पहिल्या दोन पट्ट्यांवर वीस-पंचवीस थर नीट बसत आणि मग कोड उठावे तसे डाग फुटत. आता एकच पट्टी शिल्लक होती आणि पौर्णिमा तोंडावर आली होती. देवमनला संशय आला की पाण्याचा पृष्ठभागच स्वच्छ नसावा. प्राचार्यांच्या खणात मानेला लावायची पावडर असते ही माहिती जानरावने पुरवली, आणि पावडरही त्यानेच पुरवली. पाण्यावर काही पसरलेच तर ती सरकून दाखवील, म्हणून हौदातल्या नव्या पाण्यावर ती भुरभुरली. ज्योतीत तापवून स्वच्छ केलेली आणि निवविलेली तार पाण्याला टेकवली. पावडर जागची हलली नाही. देवमन अधिक जवळून पाहायला वाकला, त्याच्या कपाळावरची एक बट पाण्याला टेकली, आणि पोलीस दिसताच जुगारी पांगावेत तशी ती पावडर चहूबाजूंनी काठाकडे पळाली!

आम्ही तिघेही ओरडलो. एवढेसे तेल, आणि सगळ्या पाण्यावर त्याचा अंमल! त्या सायीत हेच तेल घुसून थर बिघडवीत होते. देवमनने पुन्हा पाणी बदलले, पुन्हा पावडर टाकली, पुन्हा बट बुडवली. पुन्हा पळापळ. मग जानरावचे बोट झाले, मग माझे. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. हा गलका ऐकून प्राचार्य शिस्त लावण्यासाठी आले. त्यांनाही बोट बुडविण्याची विनंती करण्यात आली, आणि त्यांच्या बोटासरशी सगळी पावडर हौदाच्या भिंतींना जाऊन चिकटली.

"सायबाचा वट हाय!" जानराव भक्तिभावाने म्हणाला.

"पावडर कोणाची आहे ही?" प्राचार्यांनी विचारले, आणि शोधपर्व तेथेच संपले.

देवमनने डोके साबणाने धुतले. साबणाने पावडर तेलाहून वेगाने पळाली. रिठ्याने धुतले, तर पाण्यावर फेस आला. डोके बांधून पाहिले, तर त्या उकाड्यात तेल फडक्यातून पाझरून कपाळावर आले. बाळपणापासून मुरलेले तेल ते. ते सोडून जाण्याचे कारण त्याला दिसत नव्हते.

"सर, आता एकच इलाज," देवमन म्हणाला, आणि त्याचे ते नेहमीचे हसू परत आले.

बसस्थानकापाशी निंबाखाली बसणाऱ्या न्हाव्याने वस्तरा हाती घेऊनही दोनदा खाली ठेवला. "बाप गेला का भाऊ?"

"बाप मस्त हाय."

"मंग काहून?"

"आरसा पाहाचा हाय."

"बोडक्यानं?" न्हावी म्हणाला, आणि त्याने वस्तरा चालवला.

तिथून देवमन तसाच स्थानकावर गेला, कारण आईचे गाठोडे येण्याचा तो दिवस होता. ते आणणारा कंडक्टर धरमसिंग हा तांड्यावरचा मोठा बोलका माणूस. तिकिटाचे तो पैसे घेई, बातमी मात्र फुकट देई. आमच्या भागात वर्तमानपत्र एक दिवस उशिरा येते, धरमसिंग अर्धाच तास. त्याने तो गुळगुळीत गोटा पाहिला आणि शिट्टी त्याच्या तोंडातून गळून पडली.

"देवमनभाऊ! हे काय करून घेतलं?"

"काई नाई. ही तेलाची बाटली वापस ने. मायले सांग, आता मले तेल चालत नाई."

"अरे पर काहून?"

"कामात आडवं येते. केसबी त्याच्याचसाठी सोडले. पौर्णिमेपावतर सगळं सोडलं," एवढे बोलून देवमन हसत हसत पळाला, कारण प्रयोगशाळेत पाण्याचे ऊर्ध्वपातन चालू होते आणि जानरावच्या हाती ते सोडणे इष्ट नव्हते.

धरमसिंगने ही सामग्री गाडीत घेतली. मंगरुळपीरला देवमनने केस सोडले होते. वाशीमला केस आणि तेल सोडले होते. रिसोडला त्याने सगळे सोडले होते आणि पौर्णिमेला काहीतरी पक्के होणार होते. केनवडला गाडी पोचली तेव्हा बातमीचे दोन भाग झाले आणि ते गावाच्या दोन टोकांना गेले.

गावातल्या शेतकरी मंडळींनी पुरते ऐकलेच नाही. पोराने डोके भादरले, म्हणजे बाप गेला. याहून दुसरा अर्थ त्यांच्यात नाही. मोठे शेतकरी मारोतराव खांद्यावर पंचा टाकून संध्याकाळी भिवाजीच्या अंगणात आले, रीतीप्रमाणे मान खाली घालून बसले, आणि वर न पाहताच बोलू लागले.

"लय भला मानूस होता."

"कोन?" बाजेवरून आवाज आला.

"भिवाजी. असा मानूस होनार नाई."

"हाव, भलाच होता," बाजेवरचा भिवाजी समाधानाने म्हणाला. "पर मारोतराव, मागच्या साली बांधाच्या भांडनात तुमी त त्याले चोर म्हनले होते."

मारोतरावांनी मान वर केली, आणि मग म्हणे ते पंचा तिथेच टाकून निघून गेले.

बौद्ध वस्तीत बापाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. केस गेले, तेल गेले, पौर्णिमा धरली. म्हणजे पोराने चीवर घ्यायचे, भिक्खू व्हायचे ठरवले. बाया भागिरथेचे अभिनंदन करू लागल्या. "भाग्याची हायस माय तू, पोरगा भन्ते झाला!"

"होऊ द्या ना भन्ते," भागिरथा डोळे पुसत म्हणाली. "पर लगन करून होय म्हना! अन् बोडक्या डोक्यावर हे ऊन! तेलबी वापस केलं मेल्यानं!"

रिसोडला दौलतराव फक्त इतके म्हणाले: "म्हनजे पौर्णिमेले त्याचा मंडप अलग हाय." अंजनाने सकाळच्या गाडीत बापाशेजारची जागा धरली.

दुसऱ्या दिवशी धरमसिंगच्याच गाडीने केनवडहून भिवाजी आणि भागिरथा, आणि रिसोडहून दौलतराव आणि अंजना, असे चौघे कारंज्याला उतरले. ऊन मी म्हणत होते. प्रयोगशाळेच्या खिडक्या वाऱ्याने पाणी हलू नये म्हणून बंद होत्या. पहाटेपासून देवमन चकरी फिरवीत होता. तिसऱ्या पट्टीवर एकही डाग नव्हता. प्रथम ती पेंढ्यासारखी पिवळी झाली, मग जांभळी, आता निळी होत होती. शेवटची खेप राहिली होती. पट्टी पाण्यातून अर्धी वर आलेली असताना दार उघडले.

"देवमन!" भागिरथेने हंबरडा फोडला. तिच्या हातात तीच बाटली होती. "माया लेकराचं डोकं पाहा कसं तापलं! थांब, तेल चोपडतो!"

जानराव दोन्ही हात पसरून आडवा झाला. "काकू, जीव घ्या माया, पर तेल भाईर ठेवा!"

"तू कोन रे मले आडवनारा? मी त्याची माय हावो!"

देवमन वळला नाही. वळता येत नव्हते. उजवा हात चकरीवर, डाव्याने स्टँड धरलेला, डोळे पट्टीवर, ओठ घट्ट मिटलेले, आणि चमकणारे डोके किंचित झुकलेले. दौलतराव त्याच्या समोर जाऊन उभे राहिले.

"जावई, एकच सवाल. लगन करनार हायस का नाई?"

देवमन गप्प.

"हो म्हन, नाई त नाई म्हन."

चकरी फिरत होती. देवमन गप्प.

"पाहा," दौलतराव हताशपणे म्हणाले, "मौनबी घेतलं."

मी पुढे होऊन हलक्या आवाजात आणि शक्य तितक्या शुद्ध भाषेत त्यांना परिस्थिती सांगितली: हा संन्यास नाही, प्रयोग आहे, केस तेलामुळे गेले, आता बोलला तर हात हलेल, आणि पाण्यात तेलाचा एक थेंब पडला तरी ही शेवटची पट्टी वाया जाईल. दौलतरावांनी माझ्याकडे खराब खडीकडे पाहावे तसे पाहिले. भिवाजी मात्र म्हणाला, "मी जित्ता हाव, हे त पटलं ना सगळ्याले? मंग बसा खाली."

तेवढ्यात मला ते दिसले. देवमनच्या टाळूवर घामाचा तेलकट थेंब जमला होता. तो मोठा झाला, कपाळावर उतरला, भुवईवर थबकला. त्याच्या बरोबर खाली पाणी होते. देवमनलाही तो जाणवत असावा, कारण त्याच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेली भीती आली. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. माझ्या बोटाची कीर्ती वर आलीच आहे. जानरावचे दोन्ही हात भागिरथेने धरून ठेवले होते. थेंब लोंबू लागला.

अंजना चटकन पुढे आली. धुतलेल्या कोरड्या सुती लुगड्याचा पदर तिने बोटाला गुंडाळला, आणि बाप, सासू, सासरा, जानराव आणि मी यांच्यादेखत देवमनची भुवई टिपली, मग कपाळ, मग सावकाश सगळे डोके, बालवाडीतले पोर पुसावे तसे. पाण्यावर लाटसुद्धा उठली नाही.

"फिरवा तुमी," ती पुटपुटली. "मी हाव."

पट्टी वर आली. मोराच्या मानेवर असतो तो निळा रंग तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होता. देवमनने चकरी सोडली, कोंडलेला श्वास सोडला, आणि एक आरोळी ठोकली. मंगरुळपीरपर्यंत ती गेली नसेल, पण प्राचार्य दालनातून बाहेर आले.

"झालं!"

"काय झालं?" दौलतरावांनी विचारले.

"काच!"

"अन् लगन?"

देवमनने अंजनाकडे पाहिले. ती ओला पदर पिळीत होती आणि त्याच्या डोक्याकडे पाहून हसू दाबीत होती. "खरेच हायत का म्हनून इचारायची सोय नाई ठेवली तुमी," ती म्हणाली.

दौलतरावांनी खिशातून रुमाल काढून स्वतःचा घाम पुसला. "लगनबी झालंच म्हना. भर सभेत पोरीनं डोकं पुसलं. आता फकत जेवन बाकी."

भागिरथेने जानरावचे हात सोडले. पट्टी डबीत बंद झाल्याची स्वतः खात्री करून घेऊन त्याने तिला वाट दिली, आणि तिने ती सगळी बाटली लेकाच्या डोक्यावर रिकामी केली. देवमन हसत राहिला आणि तेल त्याच्या कानांवरून ओघळत राहिले.

पौर्णिमेच्या मंडपात धरमसिंग गणवेशातच आला होता, आणि गोटा केलेल्या नवऱ्याचा फोटो काढताना फोटोग्राफरने चकाकीची तक्रार केली. पट्टी मुंबईला गेली. श्रावणात निरोप आला की क्ष-किरण त्या पट्टीवरून परत फिरला. योग्य कोनात धरली की सगळे थर एका दमात ओरडतात. देवमनने हे प्रथम जानरावला सांगितले, मग अंजनाला, मग मला. या क्रमाबद्दलही माझी तक्रार आहे.

यशाच्या या वातावरणात मी पंख्याचा विषय पुन्हा काढला. प्राचार्यांनी तो नेहमीच्या सौजन्याने ऐकून घेतला.

"पण वाऱ्याने पाणी हलते," ते म्हणाले, "असे तुमच्याच विभागाचे म्हणणे होते ना?"

बाहेर जिन्यावरून देवमन उतरत होता. त्याने ते ऐकले असावे, कारण खालपर्यंत त्याचे हसू ऐकू येत राहिले.